कांबळीचा खरा पत्ता

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

उद्या तुझ्या दादाला जाऊन तीन महिने होतील. वनस्पती संस्थेने त्यांची कामाची खोली रिकामी करायला सांगितली आहे आणि ते काम माझ्याकडेच आलंय. दुसरं कोण करणार? बावीस वर्षं त्यांनी डोंगरातून आणलेल्या फांद्या मी शेजारच्या खोलीत बसून कागदावर चिकटवल्या. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे, ते माझ्या डोक्यापेक्षा हातांनाच जास्त ठाऊक आहे.

नवे प्रमुख माणूस म्हणून वाईट नाहीत. तरुण आहेत, घाईत असतात. वनखातं दुर्मिळ झाडांची नवी यादी करतंय, तिच्यात कांबळीच्या चारही जाती घालायच्या आहेत. पानाखाली घोंगडीसारखी लव, म्हणून तुमच्या डोंगरात तिला कांबळी म्हणतात. जुन्या पुस्तकांनी सगळी झुडपं एकाच नावात कोंबली होती. तुझ्या दादांनी भिंग लावून फुलाखालच्या खवल्यांच्या ओळी मोजल्या, लव सरळ की कुरळी ते पाहिलं आणि एकाच्या चार जाती वेगळ्या काढल्या. "सूर्यफुलाचं कूळ म्हणजे एकत्र कुटुंब," असं म्हणायचे. "बाहेरून एक फूल दिसतं, आत शंभर जण दाटीवाटीने नांदत असतात."

आता माझा प्रश्न. चौथ्या जातीचं मूळ पान, म्हणजे ज्या चिकटवलेल्या नमुन्यावरून ती जात ठरली तो कागद, माझ्यासमोर आहे. लेबलावर लिहिलंय : पूर्वेकडची काळ्या दगडाची रांग, १४ नोव्हेंबर. धाकटे, त्या १४ नोव्हेंबरला सासूबाई गेल्या. हे तुझ्याकडे होते. पूर्वेची रांग तिथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तुझ्या तारखा माझ्यापेक्षा पक्क्या. काय झालं असेल?

वेळेवर जेवत जा.

तुझी वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

तारीख चुकली असेल. दादाला स्वतःच्या लग्नाची तारीख तरी कुठे आठवायची? तूच सांगायचीस हसत हसत. आधीच्या आठवड्यात आणलेली फांदी असेल, कागदावर नंतर चढवली असेल. गेलेल्या माणसाच्या लेबलांचा कीस कशाला काढतेस?

इकडे रोपवाटिकेत थंडीने कहर केलाय. कांबळीच्या कलमांनी यंदाही नाक मुरडलं. शंभर लावली, सहा तगली. साहेब म्हणतात, बाई, ह्या झुडपापायी तुम्ही निम्मी जागा अडवलीत. मी म्हटलं, निम्मी तुमच्या शोभेच्या रोपांनी अडवलीय, ते चालतं का?

दादाची फार आठवण येते. शेवटचा सप्टेंबरात आला तेव्हा किती खुशीत होता. आम्ही दोघं वर जाऊन आलो. उतरल्यावर दोन कप चहा प्यायला आणि इथे ओट्यावर बसून लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिला. तो दिवस लक्षात ठेव, वहिनी. लेबलं जाऊ देत.

धाकटी


२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तू लिहिलंस म्हणून मी आठवडाभर लेबलं बाजूला ठेवली. मग राहवेना.

कांबळीची एकूण अकरा पानं आहेत. अकराच्या अकरा मी पुन्हा पाहिली. ह्यांच्या वह्यांमधली त्या त्या दिवसांची पानं फाडलेली आहेत. कापलेली नाहीत, घाईने फाडलेली. आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती, ती आज तुला सांगते. चौथ्या जातीची फांदी खालच्या मुळ्यांसकट आली होती. मी ती ब्रशने साफ केली, तर टेबलावर तांबडी माती पडली. लेबलावर काळ्या दगडाची रांग. मी ह्यांना विचारलं, "तिकडे तांबडी माती कुठून आली?" हे म्हणाले, "तू डिंकाकडे लक्ष दे." असं कधी बोलत नसत. मी डिंकाकडे लक्ष दिलं. पुन्हा विचारलं नाही. ती चूक माझी.

आता ऐक, घाई का आहे ती. वनखात्याने लेबलावरचा पत्ता धरून पूर्वेच्या रांगेवर माणसं पाठवली. सहा दिवस फिरून ती हात हलवत परत आली. आता चौथ्या जातीपुढे 'बहुधा नामशेष' असं लिहायचं ठरतंय. जे नाहीसं झालं त्याला कोण राखणार? घाटरस्त्याचा दुसरा टप्पा एप्रिलमध्ये सुरू होतोय. झुडपं खरी कुठे आहेत ते सांगितलं तर रस्ता वळवता येईल, असं प्रमुख म्हणतात. यादी ठरवणाऱ्या समितीची बैठक वीस मार्चला आहे.

तू त्यांच्याबरोबर डोंगरात जायचीस. तुला ठाऊक आहे. कुठे आहेत त्या?

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

हो, ठाऊक आहे. आणि सांगणार नाही.

दादाने मला शपथ घातली होती. का, ते ऐक, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. अठरा वर्षांपूर्वी त्याने पहिल्या जातीवर लेख लिहिला, त्यात जागा अगदी प्रामाणिकपणे दिली. कुठली वाट, कुठला ओढा, किती पावलं. पुढच्याच हंगामात माणसं आली. हातात त्या लेखाची नक्कल घेऊन आली, वहिनी! श्रीमंतांच्या बागांमधल्या दगडी वाफ्यांसाठी एकूण एक झुडूप मुळासकट उपटून नेलं. चाळीसेक होती. दादा नि मी गेलो तर नुसते खड्डे. एवढा मोठा माणूस खड्ड्यांच्या मध्ये उभा राहून रडला. मला म्हणाला, "मीच त्यांना हाताला धरून आणलं गं." त्या दिवसापासून त्याने एकाही कांबळीचा खरा पत्ता लिहिला नाही, आधीचं लेबलही बदललं.

आणि आता तू उभी राहून सांगणार, माझा नवरा लबाड होता? जन्मभर उन्हातान्हात फिरून माणसाने नाव मिळवलं, ते तू त्याच्या बायकोने पुसायचं? परके पुसतील तेव्हा पुसतील. घरच्यांनी तरी कुऱ्हाडीचा दांडा होऊ नये.

ह्या विषयावर मला लिहू नकोस.

धाकटी


२४ फेब्रुवारी

धाकटे,

ठीक आहे, भीक मागत नाही.

दोनच गोष्टी लिहिते. शपथ त्यांनी तुला घातली. मला शपथ घालण्याइतकंही सांगितलं नाही. इतकी वर्षं मी त्यांची खोटी लेबलं माझ्या हाताने चिकटवली आणि वर ती सुरकुती न पडता बसावीत म्हणून रात्रभर वजनं ठेवली. तुला वाटतं, मला त्यांचं नाव पुसायचंय. मला रडावंसं वाटतं ते ह्याचं, की खड्ड्यांची गोष्ट मला आज तुझ्याकडून कळतेय.

दुसरी गोष्ट. रस्त्याचा नकाशा मी पाहिला. पहिला टप्पा गेल्या वर्षअखेरीस पुरा झाला. तो तुमच्या गावावरच्या खिंडीतून गेलाय. तिथली माती तांबडी आहे ना?

वहिनी


११ मार्च

वहिनी,

दोन आठवडे तुझं पत्र उघडून बघतेय आणि पुन्हा घडी घालतेय. आज लिहिते. एका बैठकीत लिहिलं नाही तर जमणार नाही, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

खिंडीतली माती तांबडी आहे. चौथी जात दादाला तिथेच सापडली. आई गेली त्याच सकाळी. आई शुद्धीवर होती. दादाला म्हणाली, "इथे तोंड पाडून काय बसलायस? जा, जरा वर फिरून ये." तो दोन तासांसाठी गेला. फांदी हातात घेऊन धावत खाली आला, आईला दाखवायला. तोवर संपलं होतं. ती फांदी त्याने तारीख खरी लिहून ठेवली आणि जागा खोटी. तारीख खोटी लिहायला त्याचा हात धजला नसेल.

आता सप्टेंबरचं. मी तुला खोटं लिहिलं. तो खुशीत नव्हता.

आम्ही वर गेलो. खिंडीत पोचलो तर अर्धा डोंगर कापलेला. तोडलेला दगड, माती सगळी उतारावर ढकललेली. कांबळीची ऐंशीच्या वर झुडपं होती तिथे, ती सगळी त्या ढिगाखाली. तिथला मुकादम भला माणूस. त्याने आम्हाला पाणी दिलं, काय झालं विचारलं. मी त्याच्यावर ओरडले, "तुम्हाला झाडं दिसत नाहीत का?" तो म्हणाला, "बाई, आम्ही विचारल्याशिवाय फावडं मारत नाही." खोपटातून कागद घेऊन आला. संस्थेचा दाखला होता. ह्या खिंडीत दुर्मिळ वनस्पतींची नोंद नाही. खाली दादाची सही.

सहा-सात वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी दरीदरीचे दाखले मागवले होते, तेव्हा त्याने सही केली असणार. चोरांना सुगावा लागू नये म्हणून. दादाने तो कागद दोनदा वाचला आणि मुकादमाला म्हणाला, "बरोबर आहे. तुमची काही चूक नाही."

मग ढिगावर बसून हातांनी दगड उपसायला लागला. मी ओढत होते, तर हात झटकून टाकायचा. शेवटी एक झुडूप निघालं, निम्मी मुळं तुटलेलं. ते सदऱ्यात गुंडाळून आणलं त्याने. माझ्याकडे कुंडीत दहा दिवस होतं. मग गेलं.

आणि वहिनी, आता जे लिहिते त्यासाठी मला काय म्हणायचं ते म्हण. उतरताना तो तीन वेळा बसला. छातीवर हात. घाम. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, तालुक्याला गाडी आहे. तो म्हणाला, "दम लागलाय नुसता. तुझ्या वहिनीला सांगायचं नाही, खिंडीचंही नाही आणि ह्याचंही नाही." मी लहानपणापासून त्याचं ऐकत आले. तेव्हाही ऐकलं. एकोणीस दिवसांनी तुझा फोन आला.

मी तेव्हा तुला एक शब्द कळवला असता तर? हे मी रोज झारी भरताना स्वतःला विचारते.

सोबत दुसरा कागद आहे. खिंड सोडून तीन जागा आहेत. वाटा काढून दाखवल्या आहेत. चौथी जात आता फक्त खिंडीमागच्या उतारावर उरलीय. दुसरा टप्पा तिथूनच जाणार ना? आता तू काय ते कर.

धाकटी


२६ मार्च

धाकटे,

मी तुझ्यावर रागावले नाही, असं लिहिलं तर तेही एक खोटं लेबल होईल. चार दिवस मी तुझ्यावर इतकी रागावले होते, की तुझं पत्र ज्या खोलीत होतं तिथे जात नव्हते. त्यांच्यावरही रागावले. घरी आल्यावर ते मला म्हणाले होते, "चढ आता झेपत नाही गं." मी म्हटलं, "वय झालं." आणि भाजी चिरत राहिले. मला दिसायला हवं होतं. मला पानाखालची लव दिसते आणि नवऱ्याचा पांढरा पडलेला चेहरा दिसला नाही. तेव्हा तू एकटीच झारी भरताना विचारत बसू नकोस. अर्धा प्रश्न माझा आहे.

वीस तारखेला समितीपुढे उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. अकराही पानांचे पत्ते खोटे आहेत, ते माझ्या नवऱ्याने जाणूनबुजून लिहिले, ते मी चिकटवले, आणि हे खरे पत्ते, असं वाचून दाखवलं. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "म्हणजे ह्या गृहस्थांचं काहीच खरं धरता येणार नाही." मी म्हटलं, "त्यांनी जाती वेगळ्या केल्या त्या खऱ्या आहेत. भिंग घ्या आणि बघा." ते म्हणाले, "बाई, आम्ही भावना समजू शकतो."

निकाल असा. खिंडीमागचा उतार वाचला, रस्ता खालून वळवतील. उत्तरेचा कडाही वाचला. ओढ्याकाठच्या जागेचं काम आधीच सुरू झालंय, ते थांबणार नाही. तिथली झुडपं हलवायला महिन्याची मुदत दिली आहे. ते तुझ्या रोपवाटिकेकडे येईल.

यादीत शोधणाऱ्याचं नाव छापणार नाहीत. 'माहिती : संस्था', एवढंच. आणि त्यांनी गोळा केलेल्या सगळ्या पानांवर, एकोणीसशे आहेत, एक लाल चिठ्ठी लागणार : 'स्थळ अविश्वसनीय.' ती चिकटवायचं काम कोणाचं, ते तुला सांगायला नको.

तू बरोबर बोलली होतीस. मीच पुसलं.

वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

मी जे बोलले ते बोलले. तू ते पुन्हा पुन्हा वाचत बसू नकोस. आमच्या घराण्यात तोंड आधी चालतं, हे तुला लग्नाच्या दिवशीच कळलं असेल.

ओढ्याकाठची झुडपं हलवली. अठ्ठावीस होती. आम्ही पाच जणांनी प्रत्येकाभोवती हात हात लांब खणून, मातीच्या गोळ्यासकट, पोत्यांत बांधून, पाठीवरून आणली. पाऊण मैलाचा चढ. मुकादम तोच होता, खिंडीतला. त्याने आमच्यासाठी दोन दिवस यंत्र बंद ठेवलं. वरून विचारणा झाली तर म्हणे, "बिघडलंय." जाताना मला म्हणाला, "ते साहेब कसे आहेत?" मी सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि कामाला गेला.

अठ्ठावीसपैकी आज चार हिरवी आहेत. बाकीची उभीच आहेत, पानंसुद्धा गळलेली नाहीत, पण नखाने साल खरवडली की आत तपकिरी. बघणाऱ्याला वाटेल, जिवंत आहेत.

उत्तरेच्या कड्यावर त्रेसष्ट मोजली. खिंडीमागच्या उतारावर, चौथ्या जातीची, सतरा. दोनदा मोजली. सगळ्या जगात सतरा, वहिनी. एका बसमध्ये मावतील.

तू कधी येतेस?

धाकटी


८ जून

प्रिय धाकटे,

आत्ता नाही येता येणार. चिठ्ठ्या लावतेय. अकराशे झाल्या.

पहिले काही दिवस नुसत्या लावत गेले. मग एका पानापाशी हात थांबला. ते पान मी ह्यांच्याबरोबर असताना गोळा केलेलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, नदीच्या पुलाखाली. मी स्वतः ती फांदी धरून उभी होते. तिच्यावर 'अविश्वसनीय' कशी लावू? मी प्रमुखांकडे गेले. म्हटलं, कांबळीची अकरा सोडून बाकीची लेबलं मी तपासून देते, वह्यांशी ताडून, एकेक करून. ते म्हणाले, ह्याला वर्षं लागतील. मी म्हटलं, मला दुसरं काय काम आहे? मग म्हणाले, "लाल चिठ्ठी राहील. तुम्ही तपासलेल्या पानाखाली पेन्सिलीने 'पडताळले' लिहा." एवढं मिळालं. एवढंच मिळालं.

काल नवी यादी छापून आली. खिंडीमागच्या उताराचा पत्ता पूर्ण दिलाय. वाट, वळण, उंची, सगळं. मीच दिलेला. छापील अक्षरांत दोनदा वाचला. आता तो कोणीही वाचू शकतो. हे इतकी वर्षं कशाला भीत होते, ते मला काल दुपारी, टेबलाशी बसून, पहिल्यांदा कळलं. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तुला लिहिते.

उतारावर जाऊन येत जा.

वहिनी


३ नोव्हेंबर

वहिनी,

रोज जाते. रविवारीसुद्धा. साहेबांनी आता विचारणं सोडून दिलंय.

आज सकाळी वर पोचले तर उतारावर दोन माणसं. एक बाई, एक पुरुष. पाठीवर मोठाल्या पिशव्या. बाई झुडपाशी गुडघ्यांवर बसलेली. हातात काठी होती, ती आवळून मी ओरडले, "काय चाललंय तिथे?" बाई दचकून उठली. हातात कॅमेरा होता. म्हणाली, यादीत वाचलं म्हणून लांबून आलो बघायला, फुलं असतात म्हणे ह्या दिवसांत. मी त्यांना पिशव्या उघडायला लावल्या. डबा, पाणी, एक स्वेटर. खुरपं नव्हतं. तरी मी हलले नाही. ती दोघं दुपारपर्यंत होती आणि मीही दगडावर बसून होते, राखणदारासारखी. त्यांना राग आला असेल. आला तर आला. ती खरंच फुलं बघायला आली होती, की जागा बघून जाऊन पुन्हा येणार आहेत, हे मला कळलं नाही. ते कळायचा काही मार्ग नाही, वहिनी.

सतरापैकी नऊ फुलली आहेत.

निघताना ती बाई म्हणाली, "मावशी, यादीत फक्त संस्थेचं नाव आहे. ही सापडली कोणाला?"

मी म्हटलं, "माझ्या दादाला."

तिने वही काढली. कोण, कधी, कसं, विचारायला लागली. मी सगळं सांगितलं. खड्डे, लेबलं, दाखल्यावरची सही, तो ढिगारा. काही लपवलं नाही. तो गेल्यापासून मी रडले नव्हते, गेल्याचा फोन आला तेव्हाही नाही. आज त्या दोन परक्या माणसांपुढे, सांगता सांगता, मला हुंदका आवरेना. त्या बाईने वही बंद केली आणि माझ्याजवळ दगडावर येऊन बसली. मी गप्प होईपर्यंत ती दोघं थांबली.

उद्या पहाटे पुन्हा जाईन.

तुझी,
धाकटी